काठी एकच घ्या, पण लेबल वाचून घ्या

अमेरिकेत येऊन वर्ष-दोन वर्षं झाली, गाडी आली, आणि तळ्याकाठी टोप्या घालून उभे असलेले लोक बघून आपल्यालाही हुक्की आली, की प्रश्न पडतो: बास पकडायला काठी कुठली घ्यायची? मग आपलं पब्लिक काय करतं? एक्सेल उघडतं! पहिल्या कॉलमात कंपनी, मग लांबी, मग किंमत, मग लोकांनी दिलेले तारे. दोन वीकांत ह्यातच जातात. शेवटी जी सगळ्यात महाग पण सेलमध्ये आहे ती काठी घरी येते, आणि कोट टांगायच्या कपाटात जाऊन बसते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काठीवर छापलेले तीन-चार शब्द आणि आकडे समजून घ्या, एकच मध्यम किमतीची काठी घ्या आणि पाण्यावर चला. आता कारणं.

कोकणात आजोबांबरोबर खाडीवर गरवायला गेलेल्यांना वाटेल, काठीचं एवढं काय? बांबूला दोरी, दोरीला गरी, गरीला कोळंबी, झालं. पण त्यात आपण टाकून वाट बघत बसतो. बास हा शिकारी मासा, आणि तो बहुतेक वेळा नकली आमिषाने पकडतात. म्हणजे टाका, ओढा, परत टाका. सकाळभरात शेकडो वेळा. आमिष किती लांब जाणार, तळाशी दगडाला लागलं की माशाने धरलं हे हाताला कळणार का, आणि धरल्यावर गळ जबड्यात रुतणार का, ही तिन्ही कामं काठीची. म्हणून इथे काठीला महत्त्व आहे. फक्त ते किमतीत नाही, जुळवणीत आहे.

लेबलवर दोन शब्द असतात आणि दुकानातही लोक त्यांची गल्लत करतात: पॉवर आणि ऍक्शन. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी वगैरे. ऍक्शन म्हणजे ती कुठे वाकते. फास्ट काठी फक्त शेंड्याकडे वाकते, मॉडरेट मधल्या भागापर्यंत, स्लो पार मुठीपर्यंत. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत. मीडियम पॉवर आणि फास्ट ऍक्शन एकाच काठीत असू शकतं, त्यात विरोधाभास काही नाही.

हे कळलं की बाकीचं तर्काने सुटतं. रबरी अळीत गळ लपवलेला असेल (ह्याला टेक्सास रिग म्हणतात), तर गळाला आधी रबर फोडून मग जबड्यात शिरायचं असतं. तिथे फास्ट आणि जरा ताठ काठीच हवी. उलट क्रँकबेटला बारीक तिहेरी गळ असतात. ते पटकन लागतात आणि ताठ काठीने हिसका दिला तर तितकेच पटकन सुटतात. तिथे मॉडरेट, थोडी मऊ काठी बरी. म्हणून 'सगळ्यात चांगली काठी कुठली' ह्या प्रश्नाला उत्तरच नाही. 'कुठल्या आमिषासाठी' हे विचारल्याशिवाय तो प्रश्न कंपाइलच होत नाही :-)

पॉवरच्या नावांना उद्योगभर कुठलंही प्रमाण नाही, हेही लक्षात ठेवा. एका कंपनीचं मीडियम ते दुसरीचं मीडियम हेवी. त्यामुळे खरी माहिती त्या शब्दाच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली असते: किती औंसाचं आमिष आणि किती पौंडाची दोरी. माझ्या मते अख्ख्या लेबलवर सगळ्यात कामाचे आकडे हेच, आणि एक्सेलमध्ये नेमके तेच नसतात.

आता मार्केटिंग. बहुतेक काठ्या ग्रॅफाइटच्या, म्हणजे कार्बन फायबरच्या असतात. हलक्या, आणि माशाने नुसता टोचा मारला तरी हाताला जाणवतं. त्यावर आयएम ६, आयएम ७, आयएम ८ असं लिहिलेलं दिसतं आणि आपल्याला वाटतं हा प्रोसेसरसारखा प्रकार आहे, आकडा मोठा तर माल भारी. तसं नाही. ही मुळात हेक्सेल कंपनीच्या फायबरची व्यापारी नावं. ते काही काठीच्या दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. शिवाय फायबर जितकं ताठ तितकी काठी हलकी, पण ठिसूळही. शेकडो डॉलरची काठी गाडीच्या दारात सापडली की तितक्याच सहज मोडते. फायबरग्लास जड असतं, संवेदना कमी देतं, पण मार खातं. नवशिक्याने दोन्हींचं मिश्रण किंवा साधं ग्रॅफाइट घ्यावं.

तर माझी शिफारस: ७ फुटी, मीडियम पॉवर, फास्ट ऍक्शन, स्पिनिंग काठी. आमिष साधारण पाव ते अर्धा औंस, दोरी ६ ते १२ पौंड. स्पिनिंग का? कारण त्यात रीळ काठीच्या खाली लटकतं आणि पहिल्याच दिवशी टाकता येतं. वर बसणाऱ्या बेटकास्टरमध्ये अंगठ्याने वेग सांभाळावा लागतो, चुकला की दोरीचं घरटं होतं. आणि अपार्टमेंटात राहत असाल, छोटी गाडी असेल, तर खुशाल दोन तुकड्यांची घ्या. एकसंध काठीच खरी, असं जाणकार म्हणतील. पण डिकीत मावणारी काठी पाण्यावर जाते, न मावणारी घरी राहते. ५० ते १०० डॉलरमध्ये हे सगळं बसतं. घेताना कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून ओढून बघा. धागा अडकला तर कडीला तडा आहे, तिथेच दोरी कापली जाणार.

दोन सूचना. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. ढग गडगडले की काठी खाली ठेवा आणि निघा, विजेच्या तारांखाली तर टाकूच नका. दुसरी, लायसन्स. टेक्सासमध्ये १७ वर्षं पूर्ण झालेल्या जवळजवळ सगळ्यांना लागतं. व्हिसावर आहात, एवढ्याशा गोष्टीसाठी वॉर्डनशी गाठ कशाला?

हे सगळं एवढं तपशिलात सांगायचं खरं कारण मासा आहे. इथे बरेच लोक बास पकडून सोडून देतात. हौस म्हणून फारच लेच्यापेच्या काठीने मोठा मासा दहा मिनिटं दमवला, तर सोडल्यावर तो पोहत जाताना दिसतो, पण जगेलच असं नाही. उन्हाळ्यात तर पाण्यात प्राणवायूही कमी असतो. सोडायचाच असेल तर लवकर काठाला आणेल इतपत दमाची काठी घेणं ही आपली जबाबदारी आहे. मजा आपली आणि किंमत त्याने मोजायची, हे बरोबर नाही.

आणि अजूनही महागड्या काठीचा मोह सुटत नसेल, तर दोन नोंदी बघा. जॉर्ज पेरीने १९३२ साली जॉर्जियात २२ पौंड ४ औंसाचा, म्हणजे १० किलोचा बास पकडला. तेव्हा कार्बन फायबरच्या काठ्या नव्हत्याच. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिताने त्याची बरोबरी केली, पण तो विक्रम निर्विवाद मोडलेला नाही. टेक्सासचा विक्रम लेक फोर्कचा, १९९२ सालचा, १८.१८ पौंड. तो पकडणारा माणूस त्या दिवशी बाससाठी आलाच नव्हता, क्रॅपी नावाचे छोटे मासे पकडत होता!

दोघंही पाण्यावर होते, एवढं मात्र खरं. तेव्हा एक्सेल बंद करा. शनिवारी उजाडायच्या आत निघा, दहापर्यंत परत या, नाश्त्याला पोहे होतातच.