मैदानावरची शिकवणी

लातुरात आणि नांदेडात शिक्षकांची वाण नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले येथे येऊन राहतात, आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तर सबंध महाराष्ट्राच्या तोंडी झाला आहे. परंतु ज्या मुलास भौतिकशास्त्राऐवजी सरळ बॅटने चेंडू खेळावयास शिकावयाचे आहे, त्याचा प्रवास नेमका उलट्या दिशेने होतो. त्याला पुण्याची वाट धरावी लागते.

या विषमतेचा विचार करताना आम्हांस श्री. संजय बांगर यांची आठवण होते. ते शेजारच्या बीडचे. जन्म १९७२ सालचा. महाराष्ट्र व मुंबई यांच्या कुमार संघांतून ते खेळले खरे, परंतु प्रथम श्रेणीचे दार उघडले ते १९९३-९४ च्या हंगामात, आणि तेही रेल्वेने. कसोटी सामने अवघे बारा. तथापि २००२ च्या ऑगस्टमधील लीड्सची कसोटी ज्यांनी पाहिली, ते त्यांना विसरणार नाहीत. आकाश ढगाळलेले, खेळपट्टी गोलंदाजांच्या बाजूची, आणि सेहवाग लवकर परतलेला. अशा वेळी बांगरांनी २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या आणि द्रविडसमवेत १७० धावांची भागी रचली. पुढे द्रविड, तेंडुलकर व गांगुली या तिघांचीही शतके झाली, आणि भारत एक डाव ४६ धावांनी जिंकला. लोकांच्या स्मरणात अर्थातच शतके राहिली.

असा मनुष्य पुढे शिक्षक झाला, यात आम्हांस नवल वाटत नाही. ज्याला खेळ उपजत साधतो, त्याला तो दुसऱ्यास समजावून देता येतोच असे नाही. ज्याने तो चेंडूचेंडूने कमावला, त्याला मुलाचे कोठे अडते हे दिसते. २०१४ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली पंजाबचा संघ आयपीएलच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. त्याच वर्षी ते भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक झाले. ऑस्ट्रेलियातील पहिला कसोटी मालिकाविजय त्यांच्याच कारकीर्दीतला. पण २०१९ च्या विश्वचषकात उपांत्य सामना १८ धावांनी हरला, आणि मुख्य प्रशिक्षकासह इतर कायम राहिले असता बदलले गेले ते एकटे बांगर. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविलेले आहे. निकाल बिघडला की बोट प्रथम कोणाकडे वळते, हे आम्ही जाणतो.

आमच्या मातीत गुण नाही, असे कोणी म्हणू नये. बीडच्याच सचिन धसने २०२४ साली कुमारांच्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार बाद ३२ वरून ९६ धावांची खेळी केली, आणि तो घडला बीडमध्येच.

पाण्याची अडचण पुढे केली जाईल. २०१६ साली लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. तो निर्णय आम्हांस योग्यच वाटला होता, आणि हिरवळीसाठी आजही आम्ही पाणी मागणार नाही. परंतु शिक्षकास हिरवळ लागत नाही. मॅटिंगवरही डावा पाय चेंडूपर्यंत नेण्यास शिकविता येते. सुट्टीतल्या पंधरवड्याच्या शिबिरांनी मात्र ते होत नाही. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने नांदेड व लातूर येथे बारमाही, पगारी आणि गावातच वास्तव्य करणारा एकेक प्रशिक्षक नेमावा, व ही नेमणूक येत्या हंगामापूर्वी व्हावी.