खोळंब्याचा हिशेब

लघुउद्योजक लॅपटॉप किंवा मोबाइलच्या खरेदीचा विषय आपल्या लेखापालापुढे अथवा करसल्लागारापुढे काढतो, तेव्हा तो बहुधा फक्त किमतीचा प्रश्न म्हणून काढला जातो. पन्नास हजारांत काम भागत असताना लाखाचा लॅपटॉप कशासाठी घ्यायचा, असे विचारले जाते आणि त्याला मिळणारे उत्तरही सहसा दोन टोकांपैकी एका टोकाचे असते: एक तर महाग वस्तू म्हणजे उधळपट्टी, नाही तर महाग वस्तू म्हणजे टिकाऊ वस्तू. ही दोन्ही उत्तरे हिशेब न मांडता दिलेली आहेत. व्यवसायासाठी उपकरणाचे मूल्य ते किती वर्षे भरवशाने चालते, बंद पडल्यास किती तासांत पूर्ववत होते आणि त्यातील माहिती किती सुरक्षित राहते, या तीन गोष्टींवर ठरते. महाग उपकरण या तीन कसोट्यांना उतरत असेल तर ते स्वस्त पडते आणि उतरत नसेल तर त्याची किंमत वाया जाते. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील सल्लागारांनी हा विचार आपल्या अशिलांपुढे आकड्यांनिशी मांडणे आवश्यक आहे, असे या मासिकाचे मत आहे.

हा पट्टा या चर्चेसाठी विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही महामंडळाच्या अगदी आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक ठरली. पुढे डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ आणि बदलापूर येथे रसायने, रंगद्रव्ये, कापडप्रक्रिया आणि अभियांत्रिकी यांचे लहान-मध्यम कारखाने उभे राहिले व त्यांच्या जमाखर्चाचे, करभरण्याचे आणि बँककर्जाच्या कागदपत्रांचे काम करणारी असंख्य छोटी कार्यालये नौपाडा, रामनगर, टिळक चौक अशा भागांत वसली. या कार्यालयांतील माणूस एका जागी बसून काम करत नाही. सकाळी डोंबिवलीतील कार्यालय, दुपारी वागळे इस्टेटमधील अशिलाचा कारखाना आणि संध्याकाळी मुंबईतील बैठक असा त्याचा दिवस असतो, आणि या सर्व प्रवासात लॅपटॉप मध्य रेल्वेच्या गर्दीच्या लोकलमधून पाठीवरच्या किंवा छातीशी धरलेल्या पिशवीत जातो. त्यात पावसाळ्याचे चार महिने दमट हवा, अधूनमधून खंडित होणारा वीजपुरवठा आणि कारखान्यातील धूळ यांची भर पडते. दिल्लीच्या किंवा बंगळूरच्या वातानुकूलित कार्यालयासाठी केलेला खरेदीचा विचार येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

उच्च श्रेणी म्हणजे नेमके काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण बाजारात ‘प्रीमियम’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लावला जातो. पहिली वस्तू म्हणजे घरगुती ग्राहकासाठी केलेला देखणा, पातळ, चमकदार पडद्याचा लॅपटॉप. दुसरी म्हणजे कंपन्यांसाठी स्वतंत्र मालिकेत तयार होणारा लॅपटॉप, जसे लेनोव्होचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक किंवा डेलची पूर्वी लॅटिट्यूड या नावाने विकली जाणारी मालिका. दुसऱ्या प्रकारात पैसा बिजागऱ्यांच्या मजबुतीवर, दाब सहन करणाऱ्या सांगाड्यावर, द्रव सांडल्यास काही प्रमाणात तग धरणाऱ्या कळफलकावर, अनेक वर्षे उपलब्ध राहणाऱ्या सुट्या भागांवर आणि जागेवर येऊन दुरुस्ती करण्याच्या हमीवर खर्च झालेला असतो. यांपैकी जागेवरची दुरुस्ती हा घटक सर्वांत मोलाचा असून खरेदीच्या वेळी त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लॅपटॉप सेवाकेंद्रात नेऊन आठवडाभर तेथे ठेवावा लागणे आणि तंत्रज्ञाने पुढच्या कामकाजाच्या दिवशी कार्यालयात येऊन भाग बदलून देणे, यांतील फरक महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीआर-३बी विवरणपत्राच्या मुदतीच्या दिवसांत, कोणत्याही करव्यावसायिकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. अनेक लॅपटॉपांच्या जाहिरातीत ‘मिल-एसटीडी-८१०एच’ या अमेरिकी लष्करी चाचणी-मानकाचा उल्लेख असतो. या मानकात तापमान, आर्द्रता, कंपन, धूळ, उंचीवरून पडणे अशा अनेक चाचण्यांच्या पद्धती दिलेल्या आहेत. मात्र त्यांपैकी कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे उत्पादक ठरवतो आणि निकालावर शिक्कामोर्तब करणारी कोणतीही सरकारी संस्था त्यामागे नसते. मोबाइलवरील ‘आयपी ६८’ या खुणेचेही तसेच आहे. त्यातील पहिला आकडा धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दाखवतो, परंतु ती चाचणी प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात होते, वापराबरोबर हे संरक्षण कमी होत जाते आणि पाणी शिरून झालेला बिघाड बहुतेक उत्पादकांच्या साध्या हमीतून वगळलेला असतो. म्हणून जाहिरातीतील खुणेपेक्षा हमीपत्रातील अटी वाचणे हे सल्लागाराचे पहिले काम ठरते.

आता प्रत्यक्ष आकडेमोड पाहू. समजा, एक लॅपटॉप ४८,००० रुपयांचा असून तो तीन वर्षे चालतो, म्हणजे त्याचा वार्षिक खर्च १६,००० रुपये झाला. दुसऱ्याची किंमत, वाढीव हमी आणि मध्यंतरी एकदा बदललेली बॅटरी धरून, १,२०,००० रुपये होते आणि तो सहा वर्षे वापरला जातो. त्याचा वार्षिक खर्च २०,००० रुपये पडतो. वरवर अडीचपट वाटणारा फरक प्रत्यक्षात वर्षाला ४,००० रुपयांचा आहे. ज्या कर्मचाऱ्यावर महिन्याला ३०,००० रुपये खर्च होतात आणि जो २५ दिवस काम करतो, त्याचा एक दिवस १,२०० रुपयांना पडतो. त्यामुळे स्वस्त यंत्रामुळे वर्षात साधारण सव्वातीन दिवस अधिक खोळंबा झाला, तर दोन्ही पर्याय समान होतात, आणि त्याहून अधिक खोळंबा झाला तर स्वस्त यंत्र महाग ठरते. या हिशेबात विलंबशुल्क, व्याज आणि अशिलाचा उडालेला विश्वास धरलेलाच नाही. परंतु हीच आकडेमोड उलट दिशेनेही तितक्याच स्पष्टपणे बोलते: तोच १,२०,००० रुपयांचा लॅपटॉप नवे मॉडेल आले म्हणून चार वर्षांनी बदलला, तर वार्षिक खर्च ३०,००० रुपयांवर जातो आणि उच्च श्रेणीचा आर्थिक आधारच निखळतो. जो व्यवसाय उपकरण दीर्घकाळ वापरण्याची शिस्त पाळणार नाही, त्याने ते महाग घेऊ नये.

दीर्घकाळ वापराला आणखी एक मर्यादा असते, ती म्हणजे संगणकप्रणालीला मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणांची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या यंत्रात सुरक्षित ठेवणारी व्यवस्था, तसेच ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आवश्यक असल्याने त्यापूर्वीची अनेक धडधाकट आणि एके काळी महाग असलेली यंत्रे एकाएकी असुरक्षित ठरली. मोबाइलमध्ये गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या सुधारणांचे आश्वासन दिले, तर अनेक स्वस्त फोनना याहून बरीच कमी वर्षे सुधारणा मिळतात. म्हणून खरेदीच्या वेळी ‘किती वर्षे’ हा प्रश्न यंत्राच्या मजबुतीइतकाच त्याच्या प्रणालीबाबतही विचारला गेला पाहिजे.

करदृष्टीने पाहता लॅपटॉप आणि मोबाइल या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि नियमित योजनेत नोंदणी असलेल्या व्यवसायाला, उपकरण व्यवसायासाठी वापरले जात असल्यास, त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते. मात्र खरेदीचे बिल व्यवसायाच्या नावे आणि त्याच्या जीएसटी क्रमांकासह असले पाहिजे. मालकाच्या वैयक्तिक खात्यावरून ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंबाबत नेमकी येथेच चूक होते. कराच्या रकमेवर घसारा घेतला तर तिचे क्रेडिट मिळत नाही आणि कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ते मुळातच मिळत नाही. आयकरात संगणकावर ४० टक्के दराने, घटत्या मूल्यावर, घसारा मिळतो. त्यामुळे एक लाखाच्या लॅपटॉपपैकी पहिल्या तीन वर्षांत ४०,०००, २४,००० आणि १४,४०० असे एकूण ७८,४०० रुपये खर्ची पडतात. खरेदीच्या आर्थिक वर्षात उपकरणाचा वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणून दिवाळीच्या सवलतीत घेतलेल्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी २० टक्केच वजावट हाती येते. मोबाइल मात्र सर्वसाधारणपणे संगणकात न धरता यंत्रसामग्रीत धरला जातो व त्यावर १५ टक्के घसारा मिळतो. फोनचे बाजारमूल्य याहून खूप वेगाने घसरत असल्याने महाग फोनला करसवलतीचा आधार तुलनेने दुबळा आहे. शिवाय जे छोटे व्यावसायिक अनुमानित उत्पन्नाच्या योजनेखाली विवरणपत्र भरतात, त्यांचा घसारा आधीच वजा झाला असे कायदा मानतो, त्यामुळे ‘कर वाचेल म्हणून महाग घ्या’ हा सल्ला त्यांच्यासाठी सरळ चुकीचा आहे.

असे असले तरी मोबाइलला दुय्यम मानून चालणार नाही. ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाले, आणि ई-वे बिल व ई-इन्व्हॉइस प्रणालींत शिरण्यासाठी पासवर्डबरोबर ओटीपीसारखी दुसरी ओळखखूण देणे १ एप्रिल २०२५ पासून सर्व करदात्यांसाठी बंधनकारक ठरले. म्हणजे कारखान्याच्या दारातून गाडी बाहेर पडायची की नाही, हे आता एखाद्या कर्मचाऱ्याच्या खिशातील फोनवर अवलंबून असते. तो फोन हरवला, त्याची बॅटरी संपली किंवा त्यात घातक ॲप शिरले, तर माल अडतो आणि बँकखातेही धोक्यात येते. अशा फोनमध्ये कार्यालयीन कामाचा कप्पा खासगी वापरापासून वेगळा ठेवण्याची आणि हरवल्यास तो कप्पा दुरून पुसण्याची सोय हवी. अँड्रॉइडमध्ये हा कप्पा ‘वर्क प्रोफाइल’ या नावाने उपलब्ध आहे आणि त्यासाठी लाखाचा फोन लागत नाही. सुधारणा दीर्घकाळ मिळणारा मध्यम किमतीचा फोन आणि त्यावर शिस्तीने चालवलेली व्यवस्था बहुतेक कारखान्यांना पुरेशी आहे.

माहितीच्या सुरक्षेचा मुद्दा करव्यावसायिकांना सर्वांत जवळून भिडतो, कारण त्यांच्या एका लॅपटॉपमध्ये शेकडो अशिलांचे पॅन, आधार, बँकखाती आणि डिजिटल स्वाक्षऱ्यांशी संबंधित तपशील असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असून वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. संपूर्ण डिस्क सांकेतिक रूपात ठेवणारा लॅपटॉप लोकलमध्ये विसरला गेला, तर नुकसान मुख्यतः यंत्रापुरते राहते. तसे नसलेला लॅपटॉप हरवला तर प्रत्येक अशिलाला उत्तर द्यावे लागते. डिस्क सांकेतिक करण्याची ही सोय व्यवसायासाठीच्या विंडोज प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ या रूपाने मिळते. स्वस्त लॅपटॉपांबरोबर बहुधा येणाऱ्या होम आवृत्तीत व्यवस्थापनाच्या पूर्ण सोयींसह ती मिळत नाही, आणि श्रेणीतील हा फरक किमतीच्या मानाने फार मोलाचा आहे.

कारखान्याच्या आतील परिस्थिती आणखी वेगळी असते. डोंबिवली किंवा अंबरनाथच्या ज्या रासायनिक विभागात ज्वालाग्राही वाफ असण्याची शक्यता असते, तेथे कोणताही साधा फोन, मग तो कितीही महाग असो, नेणे धोक्याचे आहे. तेथे ठिणगी निर्माण करू शकेल इतकी ऊर्जा बाहेर पडूच नये अशा रचनेचीच उपकरणे हवीत, आणि भारतात अशा उपकरणांना मान्यता देण्याचे काम नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था करते. किंमत आणि योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे सर्वांत गंभीरपणे दिसून येते, आणि या बाबतीत काटकसर तर नकोच, पण ब्रँडच्या नावावर ठेवलेला विश्वासही पुरेसा नाही.

एकूण विचार करता सरसकट सर्वांना महाग उपकरणे देणे जितके अविचाराचे, तितकेच सर्वांना एकाच स्वस्त दराने बसवणेही अविचाराचे आहे. ज्या माणसाचे यंत्र बंद पडल्यावर इतरांचे काम थांबते, जो रोज प्रवास करतो किंवा ज्याच्याकडे अशिलांची संवेदनशील माहिती असते, त्याला व्यवसाय-श्रेणीचे उपकरण मिळाले पाहिजे. एका जागी बसून नोंदी करणाऱ्याला साधा डेस्कटॉप आणि चांगला यूपीएस अधिक उपयोगी पडतो. ज्या छोट्या कार्यालयाचे भांडवल तोकडे आहे, त्याने मोठ्या कंपन्यांनी भाडेमुदतीनंतर परत केलेले, हमीसह विकले जाणारे व्यवसाय-श्रेणीचे जुने लॅपटॉप विचारात घ्यावेत. मात्र ते विंडोज ११ ला पात्र आहेत आणि बॅटरी सुस्थितीत आहे, याची खात्री करूनच. वापरातील जुन्या यंत्रात मेमरी वाढवून व एसएसडी बसवून दोन वर्षे काढता येत असतील, तर नव्या खरेदीपूर्वी तो पर्यायही मांडला गेला पाहिजे.

या दृष्टीने प्रत्येक सल्लागाराने आपल्या अशिलाकडे उपकरणांची एक नोंदवही सुरू करून द्यावी, असे सुचवावेसे वाटते. तीत खरेदीची तारीख, बिलाचा तपशील, हमीची आणि सुरक्षा-सुधारणांची अखेरची तारीख, वापरणाऱ्याचे नाव आणि प्रत्येक बिघाडात गेलेले तास लिहिले जावेत, तसेच यंत्र मोडीत काढताना त्यातील माहिती पुसून ते अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रियाकाराकडे दिल्याची नोंदही तीत असावी. अशी वही एक वर्ष प्रामाणिकपणे ठेवली, तर पुढील मार्चअखेरीस खरेदीचा निर्णय अशिलाच्या स्वतःच्या आकड्यांवर घेता येईल. घसाऱ्याचा तक्ता भरून देणे ही सल्लागाराची किमान जबाबदारी आहे. त्याच तक्त्याशेजारी वाया गेलेल्या तासांचा रकाना जोडून देणारा सल्लागार अशिलाच्या व्यवसायाला अधिक उपयोगी पडेल.