सक्ती विम्याची, की सेवेची?

सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने २०२० साली संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली. त्याबरोबर एक जुनाच वाद पुन्हा ऐरणीवर आला आहे. आरोग्यविमा प्रत्येक कामगाराला सक्तीचा असावा काय, आणि असल्यास त्याची वर्गणी कामगाराला झेपेल काय, हा तो वाद होय. सक्तीचे समर्थक म्हणतात की, माणूस धडधाकट असताना आजाराची तजवीज करीत नाही. म्हणून कायद्याने ती करावयास लावणे त्याच्याच हिताचे आहे. विरोधक विचारतात की, महिनाअखेरीस ज्याच्या घरात किराणा उधारीवर येतो, त्याच्या वेतनातून आणखी एक कपात करण्याचा अधिकार कोणाला आहे? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु सक्ती कोणावर आणि कशाची, हे स्पष्ट केल्यावाचून या वादाचा निकाल लागणे शक्य नाही.

सक्तीमागील तत्त्व प्रथम समजून घेतले पाहिजे. विमा ऐच्छिक ठेवला की ज्याला आजाराची धास्ती आहे तो आधी येतो आणि निरोगी माणूस बाहेर राहतो. खर्च वाढतो, वर्गणी वाढते, आणि ती वाढली की उरलेले निरोगीही काढता पाय घेतात. हे दुष्टचक्र तोडण्याचा मार्ग म्हणजे सर्वांना एका छत्राखाली आणणे. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली हा मार्ग धरला, तेव्हा वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे आणि एक वाटा मालकाचा होता. ब्रिटनमध्ये १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी आणलेल्या कायद्यात कामगार आठवड्याला चार पेन्स देई, मालक तीन आणि सरकार दोन. चार पेन्स देऊन नऊ पेन्सचे संरक्षण मिळते, असा त्या कायद्याचा प्रचार झाला. या हिशेबातच सक्तीचे नैतिक समर्थन दडलेले आहे. कामगारावरची सक्ती न्याय्य ठरते ती मालक आणि शासन यांच्यावरही ती असते म्हणून. केवळ कामगाराच्या खिशावर चालणाऱ्या सक्तीला सामाजिक विमा म्हणता येत नाही.

भारताला हे तत्त्व अपरिचित नाही. प्रा. भा. पु. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. नवस्वतंत्र, दरिद्री देशाने हे धाडस केले हे विसरता कामा नये. म्हणजे सक्तीचा आरोग्यविमा या देशात सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याच्या अनुभवाकडे पाठ फिरवून आजचा वाद घालणे म्हणजे स्वतःच्या विहिरीचे पाणी न चाखता शेजाऱ्याच्या विहिरीची खोली मोजण्यासारखे आहे.

झेपण्याचा प्रश्न या अनुभवाच्या आधारे तपासता येतो. जुलै २०१९ पर्यंत या योजनेत मालक वेतनाच्या ४.७५ टक्के व कामगार १.७५ टक्के देत असे. त्या महिन्यापासून हे दर अनुक्रमे ३.२५ व ०.७५ टक्के करण्यात आले. पंधरा हजार रुपये मासिक वेतनाच्या कामगाराचा हिस्सा नव्या दराने ११२ रुपये ५० पैसे होतो, मालकाचा ४८७ रुपये ५० पैसे. या वर्गणीने कामगाराचे घर मोडते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र दरकपातीचा लाभ कोणाला किती झाला तेही पाहावे. एकूण अडीच टक्क्यांच्या कपातीतील दीड टक्का मालकाच्या पदरात पडला, एक टक्का कामगाराच्या. या एका कामगारामागे दरमहा ३७५ रुपये योजनेत येण्याचे थांबले. ज्या योजनेचे दवाखाने आणि रुग्णालये सुधारण्याची निकड होती, तिची आवकच कमी करण्यात आली आणि त्याला कामगारहिताचे नाव देण्यात आले.

आता या वर्गणीच्या बदल्यात काय मिळते ते पाहू. कामगाराच्या आजाराची बिले दोन असतात. एक डॉक्टरचे, दुसरे बुडालेल्या रोजाचे. खासगी कंपनीची पॉलिसी पहिल्या बिलाचा काही भाग भरते, तोही बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावर आणि ठरलेल्या रकमेपर्यंत. दुसऱ्या बिलाकडे ती सहसा पाहत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, कामावर अपघात झाल्यास ९० टक्के, आणि उपचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. ज्याचा पिता क्षयाने अंथरुणाला खिळला आहे त्या घरातील मुलगा शाळेत टिकतो की हॉटेलात कपबश्या विसळायला जातो, हे अनेकदा या दुसऱ्या बिलावर ठरते. म्हणून पॉलिसीची सक्ती आणि सामाजिक विम्याची सक्ती या दोन गोष्टी एक मानणे ही वादातील मोठीच गल्लत आहे. पॉलिसीचा हप्ता वेतन पाहत नाही. एखाद्या कुटुंबाचा वार्षिक हप्ता वीस हजार रुपये धरला, तर महिना पंधरा हजार मिळविणाऱ्याच्या उत्पन्नाचा तो अकरा टक्क्यांहून अधिक भाग होतो. महिना दीड लाख मिळविणाऱ्याच्या उत्पन्नाचा जेमतेम एक टक्का.

मग कामगारच कपातीविरुद्ध कुरकुर का करतो? याचे उत्तर दराच्या तक्त्यात सापडणार नाही. ते दवाखान्याच्या दारात सापडते. औषध बाहेरून आणा, तज्ज्ञ आज नाहीत, तपासणीची तारीख पुढच्या महिन्याची, ही वाक्ये ज्याने अर्धा दिवस रजा टाकून ऐकली, तो पुढच्या वेळी गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो आणि तिथे रोख पैसे मोजतो. त्याच्या लेखी वर्गणी म्हणजे दंड होऊन बसते. मुंबईत अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला १७ डिसेंबर २०१८ रोजी आग लागून माणसे प्राणास मुकली आणि त्यानंतर तेथील रुग्ण दाखल करून घेण्याची व्यवस्था दीर्घकाळ बंद राहिली. त्या काळात त्या भागातील कामगारांची वर्गणी मात्र थांबली नाही. महामंडळाच्या राखीव निधीत प्रचंड रक्कम साठत असताना दवाखान्यात औषध नसावे, ही गरिबीची लक्षणे नव्हेत. हा कारभारातील दोष आहे, आणि तो झाकण्यासाठी गरीब देशाची सबब पुढे करता येणार नाही.

याहून गंभीर प्रश्न योजनेबाहेर राहिलेल्यांचा आहे. दहापेक्षा कमी माणसांचे दुकान वा कारखाना सक्तीच्या कक्षेत सहसा येत नाही. कंत्राटी कामगाराचे नाव अनेकदा हजेरीपटावरच नसते. वरच्या टोकाला वेतनमर्यादेची भिंत आहे. १ जानेवारी २०१७ पासून ती पंधरा हजारांवरून एकवीस हजारांवर नेण्यात आली. महागाई दरवर्षी चढते आणि मर्यादा मात्र वर्षानुवर्षे जागची हलत नाही, त्यामुळे वेतनवाढीचा आनंद साजरा करणारा कामगार थोड्याच दिवसांत विम्याचे छत्र गमावून बसतो. बीडहून साखर कारखान्यांच्या फडात उतरणारे ऊसतोड जोडपे तर मुकादमाच्या उचलीच्या हिशेबात बांधलेले असते. तेथे कपात करावयाची तर ती कोणत्या वेतनातून?

अशांसाठी २०१८ साली आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वार्षिक पाच लाखांचे संरक्षण जाहीर झाले. लाभार्थी कुटुंबाला तिची वर्गणी भरावी लागत नाही, ही तिची जमेची बाजू. परंतु ती रुग्णालयात दाखल होणाऱ्याची योजना आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, बाह्यरुग्ण तपासणी आणि बुडालेला रोज तिच्या बाहेर राहतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा झाली हे मान्य केलेच पाहिजे; तरीही शंभरातील जवळजवळ चाळीस रुपये आजच्याच संकटात, आजच्याच खिशातून जातात.

ज्याला निश्चित मालक नाही, त्याच्यासाठी वर्गणी गोळा कशी करणार, असा प्रश्न विचारला जातो. महाराष्ट्राने त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाचा मालक रोज बदलत असला तरी त्याच्या मजुरीवर मालकांकडून लेव्ही घेऊन मंडळामार्फत भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि वैद्यकीय साहाय्य देण्याची व्यवस्था केली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने संघटनेच्या बळावर ओझे वाहणाऱ्याला कामगार म्हणून मान्यता मिळवून दिली. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेण्याचा कायदा १९९६ साली झाला. नव्या संहितेत मोबाइलवरून काम वाटणाऱ्या कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूद आहे, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची कमाल मर्यादा घालून. वेतनाचा पत्ता लागत नसेल तर मालाचा, बांधकामाचा वा उलाढालीचा पत्ता लागतो. याउलट, विडी कामगारांच्या दवाखान्यांना आधार देणारा १९७६ चा उपकर वस्तू व सेवा कर लागू होताना २०१७ साली रद्द झाला. हातात असलेले साधन टाकून द्यायचे आणि नंतर साधनच नाही म्हणायचे, हा न्याय सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईला कसा पटावा?

अर्थशास्त्राचा एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. मालकाचा हिस्सा अखेर मजुरी दाबून कामगाराकडूनच वसूल होतो, असे म्हटले जाते. जेथे कामासाठी रांग लागली आहे आणि संघटना दुबळी आहे, तेथे हे बऱ्याच अंशी घडते. परंतु त्यावरून मालकाला मोकळे सोडावे हा निष्कर्ष निघत नाही. दोन निष्कर्ष निघतात. किमान वेतनाची कडक अंमलबजावणी आणि कामगार संघटनेचे स्वातंत्र्य यांवाचून कोणताही सामाजिक विमा पांगळा राहील, हा एक. आणि आरोग्याचा मोठा भार श्रीमंतांवर अधिक बसणाऱ्या प्रत्यक्ष करांतून उचलला पाहिजे, हा दुसरा. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच सांगून ठेवले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ साली, महामारीचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. कामगाराने वर्गणी चुकविली असे उदाहरण शोधावे लागते, कारण ती हातात पगार पडण्यापूर्वीच कापली जाते. शासनाचा थकलेला हप्ता मात्र कोणाच्याच पगारातून कापला जात नाही.

म्हणून समाजवादी चळवळीने सक्तीला विरोध करण्याचे कारण नाही. तिचा क्रम उलटविण्याचा आग्रह धरला पाहिजे. पहिली सक्ती शासनावर हवी: कामगार वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर औषधांसह चालू असलेला दवाखाना. दुसरी मालकावर: कंत्राटी असो वा हंगामी, राबणाऱ्या प्रत्येकाची नोंद आणि वर्गणी. तिसरी कामगारावर, आणि तीही वेतनाच्या प्रमाणात, किमान वेतनापर्यंत पूर्ण माफीसह. रोज सरासरी १७६ रुपयांपर्यंत मिळविणाऱ्याला वर्गणी माफ करणारी सध्याची तरतूद कागदावर उदार दिसते. महाराष्ट्रातील बहुतेक उद्योगांचे किमान वेतनच तिच्या वर असल्याने ती फारशी कोणाच्या कामी येत नाही. वेतनमर्यादा महागाईशी जोडावी, राखीव निधीचा विनियोग दवाखान्यांसाठी व्हावा, आणि स्थानिक दवाखान्याच्या देखरेखीत कामगार प्रतिनिधींना खरा अधिकार असावा.

या अटी पुऱ्या झाल्या तर शंभर-सव्वाशे रुपयांची कपात कामगाराला जड वाटणार नाही. त्या पुऱ्या न करता विमा सक्तीचा झाला, तर पावती कामगाराच्या हाती राहील आणि दवाखान्याचे दार पूर्वीसारखेच बंद असेल.