कमळ, तीन अक्षरी

मेसमध्ये येणारी वर्तमानपत्रं बंद करावीत असा एक प्रस्ताव सध्या हॉस्टेलमध्ये फिरतोय. कारण काय, तर बातम्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतातच, मग पेपर वाचतंय कोण? मुद्दा रास्त आहे. बातम्यांसाठी आमच्या मेसमधला पेपर कुणीही उघडत नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण त्यातलं एक पान रोज दुपारपर्यंत चहाच्या डागांनी आणि चार रंगांच्या पेनांनी भरलेलं असतं. ते शब्दकोड्याचं पान. मी त्या पानाचा वकील!

आता शब्दकोड्याची बाजू घेणारे लोक नेहमी एकच पालुपद लावतात, 'जनरल नॉलेज वाढतं.' मला हे पटत नाही. थायलंडचं चलन बात, लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे... ही माहिती मला कोड्यामुळे पाठ आहे, पण ती पाठ असल्याने माझं काय भलं झालं? एका ओरलला तरी कुणी विचारलं का? सुट्या सुट्या माहितीचा ढीग घेऊन माणूस फार तर क्विझमध्ये बक्षिसाचा पेन मिळवेल. (कवी 'बी' म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, हेही मला माहीत आहे. एका चौकोनात शब्द बसवायची सोय नसल्याने बिचारे 'बी' उत्तरात कधी येत नाहीत!)

गंमत असते ती ढिगातले तुकडे एकमेकांना चिकटायला लागतात तेव्हा. 'कमळ, तीन अक्षरी' हा तर कोडं रचणाऱ्यांचा हुकमी एक्का. पंकज, नीरज, सरोज, जलज, वारिज, अंबुज, राजीव. पहिले दोन महिने मी नुसता पाठ करत होतो. मग एके दिवशी लक्षात आलं की इथे चक्क मॅट्रिक्स आहे. पाण्याचे पाच शब्द घ्या : जल, नीर, वारि, अंबु, तोय. त्यांना 'ज' म्हणजे जन्मलेला हे लावा, कमळं तयार. 'द' म्हणजे देणारा हे लावा, ढग तयार : जलद, नीरद, वारिद, अंबुद, तोयद. 'धि' लावा, समुद्र तयार. पाच ओळी, तीन स्तंभ, पंधरा शब्द, पाठांतर शून्य! आपल्या लोकलवर लिहिलेला 'जलद' मात्र यातला नाही, तो फारसीतून आलेला. बजेटमधला 'अब्ज'सुद्धा मुळात पाण्यात जन्मलेलाच, म्हणजे कमळच.

तीच कथा 'ग'ची. ग म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश, तेव्हा खग हा पक्षी. उर म्हणजे छाती, छातीवर सरपटतो तो उरग, म्हणजे साप. आणि जो जातच नाही तो नग, म्हणजे पर्वत. रविवारी अकरापर्यंत न हलणाऱ्या रूममेटला 'काय नग आहे' म्हणताना यापुढे हा अर्थही मनात धरावा.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द द्विरेफ. अर्थ भुंगा. का? रेफ म्हणजे र. 'भ्रमर' या शब्दात दोन र आहेत, म्हणून द्विरेफ! म्हणजे हे नाव भुंग्याला बघून ठेवलेलंच नाही, त्याच्या स्पेलिंगला बघून ठेवलंय. वर्तमानपत्रात छापलेलं पहिलं कोडं आर्थर विन या लिव्हरपूलच्या माणसाने 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये दिलं, हे खरंच. पण असा आडवळणाचा क्लू आपल्या भाषेत त्याच्या कितीतरी आधीपासून पडून होता.

आता इएनटीसीवाल्यांसाठी. ज्या क्लॉड शॅननच्या नावाने तुम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री बोटं मोडता, त्याने 1948 च्या त्याच सुप्रसिद्ध पेपरमध्ये शब्दकोड्यांबद्दल लिहून ठेवलंय. भाषेत अजिबात रिडंडन्सी नसेल, तर कोणतीही अक्षरं कशीही मांडा, कोडं तयार. रिडंडन्सी फार असेल, तर मोठं कोडं जमणारच नाही. ती 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर मोठी कोडी जेमतेम जमतात, आणि 33 टक्के असेल तर चक्क त्रिमितीय कोडीसुद्धा जमायला हवीत. म्हणजे कोडं हा भाषेचा टेस्टिंग जिगच झाला की!

मराठीचा हिशोब आणखी मजेशीर आहे. इंग्रजीत एका चौकोनात 26 पैकी एक अक्षर. आपल्याकडे एका चौकोनात काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर, म्हणजे व्यंजनं गुणिले बाराखडी धरली तरी आकडा चारशेच्या आसपास, जोडाक्षरं वेगळीच. सगळी अक्षरं सारख्याच प्रमाणात येतात असं धरलं, तर इंग्रजीतलं एक आयतं मिळालेलं अक्षर 4.7 बिट देतं आणि मराठीतलं साडेआठच्या वर. म्हणून मराठी कोडं रचणाऱ्याची दमछाक होते, काळे चौकोन जास्त पडतात. आणि सोडवणाऱ्याला मात्र एक उभा शब्द जमला की आडव्याचा अर्धा किल्ला सर होतो. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ चुकवून चालत नाही. पिक म्हणजे कोकीळ, पीक म्हणजे ज्वारी. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क कापूनही जे डोक्यात शिरलं नाही, ते इथे न बसणाऱ्या एका चौकोनाने शिरतं.

'हे सगळं मोबाईलवर पण खेळता येतं की,' असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर आहे आमचं कोपऱ्यातलं टेबल. तिथे एकदा 'पेरणीचे अवजार, तीन अक्षरी' असं आलं होतं. वॉचमन काका सांगलीकडचे. ते म्हणाले, "पाभर लिव्हा, डोळं झाकून." आमचा परभणीकर म्हणाला, "नाही हो काका, तिफण असतंय." दोन्ही तीन अक्षरी! मग दोघांनी मीठाच्या डबीवर आणि चमच्यांवर आम्हाला समजावलं. तिफणीला तीन फण, वर चाडं, त्यात बाई मुठीने बी सोडते ते नळ्यांतून तीन तासांत पडतं. मेकॅनिकलची चार पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. शेवटी उभ्या शब्दातून 'फ' आला आणि काकांनी हार मान्य केली, तीही "तुमचा पेपर मराठवाड्याचा दिसतोय" असं म्हणून. मोबाईलवर सर्च केलं असतं तर उत्तर चार सेकंदांत मिळालं असतं, आणि चाडं काय ते आम्हाला आजही माहीत नसतं.

हा परभणीकर दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. पहिल्या सेमिस्टरला वर्गात त्याने एकही डाऊट विचारला नाही. ओरलला उत्तर येत असूनही इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या प्रश्नावर गेलेले असायचे. हॉस्टेलमध्ये असे बरेच जण आहेत, आणि त्यांना 'व्हर्नी' म्हणणारे महाभागही आहेत. कोड्याच्या टेबलावर मात्र मुंबई-पुण्याची कॉन्व्हेंटवाली मंडळी त्याच्याकडे आशाळभूतपणे बघत असतात. "अरे, 'झाडाचा चीक' तीन अक्षरी काय?" यामुळे त्याचं इंग्रजी सुधारलं असं मी म्हणणार नाही, त्याचा काही संबंध नाही. पण 'डिंक' म्हणून रिकाम्या होणाऱ्यांना "ते दोन अक्षरी झालं, 'निर्यास' लिही" असं सांगणारा हा मुलगा, आता रात्री आमच्या रूमवर येऊन सिग्नल्सचे डाऊट बिनधास्त विचारतो. आणि आम्हीही जरा हळू, मराठीत समजावतो. ही सवय आम्हाला टेबलानेच लावली.

रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्या स्टाफमधल्या मंडळींसाठी एक दाखला. जानेवारी 1942 मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने 12 मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली. त्यातल्या काही जणांना नंतर ब्लेचली पार्कच्या सांकेतिक संदेश फोडण्याच्या कामासाठी बोलावणं आलं. कोड्यावरून प्लेसमेंट! आमची काही तेवढी अपेक्षा नाही.

मागणी इतकीच, की इंग्रजी पेपर बंद करायचा तर खुशाल करा, पण एक मराठी पेपर चालू ठेवा. बँकेत असतो तसा दोरीला बांधलेला एक पेन टेबलापाशी ठेवा. आणि ज्या कोणाला सकाळी साडेसातला ते पान फाडून त्यावर पोहे घ्यायची सवय आहे, त्याने कृपया क्रीडापान वापरावं.