नावापुढची अक्षरं आणि वर्गणीची पावती

परवा एका ज्युनिअरचा फोन आला. प्लॅनिंगची पदवी घेऊन दोन वर्षं झाली, एका कन्सल्टंटकडे नोकरी करतो. म्हणाला, "सर, इन्स्टिट्यूटची मेंबरशिप घेऊ का? पैसे भरायचे, नावापुढे अक्षरं लावायची, पण पगार तर तेवढाच!"

प्रश्न रास्त आहे. आधी खरं काय ते सांगतो. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही १९५१ साली स्थापन झालेली संस्था. परीक्षा घेते, सभासदत्व देते. काही टेंडर-जाहिरातींत हे सभासदत्व मागतात, तिथे त्याचा उपयोग होतो. पण त्यामागे कायदा नाही. आर्किटेक्टचं तसं नाही. १९७२ च्या कायद्याने त्यांची कौन्सिल आहे आणि नोंदणीशिवाय 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. 'टाउन प्लॅनर' मात्र उद्या कुणीही स्वतःला म्हणवून घेऊ शकतो.

यात सामान्य माणसाचं काय जातं? बरंच जातं. विकास आराखडा म्हणजे भिंतीवरचा रंगीत नकाशा नव्हे. कुणाच्या घरावरून रस्ता जाणार, कुठलं मैदान राहणार, कुठला ओढा 'गायब' होणार, हे त्यात ठरतं आणि पुढची वीसेक वर्षं आपण ते भोगतो. चुकलं तर आपण हरकती-सूचनांच्या रांगेत उभे. ज्याने रेघ मारली, त्याला व्यवसायातून बाहेर काढू शकेल अशी कौन्सिलच नाही. संस्थेने फार तर सभासदत्व काढावं, धंदा चालूच.

नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ च्या अहवालात हेच दुखणं मांडलं. राज्यांच्या नगररचना विभागांत १२ हजारांहून जास्त प्लॅनर लागतात, मंजूर पदं फक्त ३,९४५, आणि त्यातलीही निम्म्याच्या आसपास रिकामी. काही राज्यांत तर या पदासाठी प्लॅनिंगची पदवी सक्तीचीच नाही! प्लॅनर्ससाठी वैधानिक राष्ट्रीय परिषद हवी, अशी शिफारसही त्यात होती.

काही मित्र म्हणतात, "म्हणजे आणखी एक लायसन्स राज." ही भीती खोटी नाही. शहर फक्त प्लॅनरचं नसतं, फेरीवाल्याला आणि वस्तीतल्या बाईलाही त्यातलं कळतं. त्यांचं तोंड बंद करणारं सर्टिफिकेट मलाही नको. मला हवी आहे ती एकच गोष्ट: आराखड्यावर सही करणाऱ्याचं नाव लोकांना कळावं, आणि चुकीबद्दल त्याला जाब विचारता यावा.

मग वर्गणी भरायची की नाही? मी त्याला सांगितलं, भर. आज त्या पावतीने पगार वाढणार नाही, पण कायदा मागायचा तर संघटित आवाज लागतो आणि तो फुकटात उभा राहत नाही. मात्र पावती फाईलला लावून गप्प बसू नकोस. सभेला जा. विचार, कायद्यासाठी यंदा काय केलं? नवख्या पोरांना फी कमी का नाही? चुकार सभासदावर कारवाई झाली का?

प्रश्न न विचारणाऱ्या सभासदाची वर्गणी वायाच जाते.

पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा. प्लॅनर नसाल तर जरूरच.