अपुऱ्या कामाची भिंत

गोधडीविषयी मराठीत लिहिताना आजीची ऊब आणि घरची काटकसर यांच्यापुढे जाण्याचा फारसा प्रघात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत; परंतु त्यांच्या कौतुकात एक तिसरी गोष्ट झाकली जाते. गोधडी ही एक रचना असते. तांबड्या इरकलीच्या तुकड्याशेजारी धोतराचा पांढरा तुकडा यावा की हिरवा काठ, हे कोणीतरी ठरवलेले असते. हा निर्णय कोठे आणि कशाकडे पाहून घेतला जातो, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधताना आम्ही एका अगदी साध्या वस्तूपाशी येऊन थांबतो. ती वस्तू म्हणजे भिंत.

पाश्चात्त्य देशांत तुकडे जोडून रजया शिवणाऱ्या स्त्रिया जिला 'डिझाइन वॉल' म्हणतात, तिला आपण मांडणीची भिंत म्हणू. फलालीन किंवा तत्सम लव असलेले कापड ताणून उभे लावायचे, एवढेच तिचे स्वरूप. सुती तुकडा त्यावर हाताने दाबला की दोन्हींचे तंतू एकमेकांत अडकतात आणि तो टाचणीवाचून तेथेच राहतो. उचलला की निघतो. ज्यांनी डी.एड. किंवा बी.एड. केले आहे त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही. चित्रांच्या पाठीला पॉलिश पेपरचे तुकडे डकवून फलालिनीच्या फळ्यावर ती चिकटवणे, हे त्या अभ्यासक्रमातले नेहमीचे शैक्षणिक साधन होते. तेव्हा ही चैन परदेशातून आली असे कोणी म्हणू लागल्यास, तिचे बिऱ्हाड आपल्या शाळांत फार पूर्वीच पडले होते, हे लक्षात असावे.

आपली गोधडी मात्र जमिनीवर जन्मते. उन्हाळ्यात शेतीची कामे थंडावली की अंगणात किंवा ओसरीवर जुने लुगडे अंथरायचे, त्यावर थर घालायचे, वर तुकडे लावायचे आणि कडेने धावदोरा घालत घालत आत सरकायचे. शिवणारी त्या कापडावरच बसलेली असते. तिला दिसतो तो हाताखालचा भाग. संपूर्ण गोधडी तिला एकदम दिसते ती बहुधा पहिल्यांदा धुऊन दोरीवर वाळत घातल्यावर, म्हणजे काही बदलण्याची वेळ निघून गेल्यावर. शेजारीण दारातून म्हणते, "छान झालीय हो," आणि समीक्षा तेथेच संपते.

यावर एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. जमिनीवर बसून शिवणाऱ्या बाईचे डोळे तिच्या हातांत असतात. तिला दुरून पाहण्याची गरज नसते. आधी सगळे मांडून ठेवले की गोधडीतला अवचितपणा मरतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची कवंदी पाहिली की हा आक्षेप पटूही लागतो. त्याही कोपऱ्यापासून सुरुवात करतात, कडेकडेने फिरत मध्याकडे येतात, आणि त्यांच्या कामात रंगांची जी झेप असते ती कोणत्याही आराखड्यातून आलेली नसते. परंतु ज्या बाईला दुरून पाहण्याची सोय कधी मिळालीच नाही, तिने दूरत्व नाकारले असे म्हणणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सोय असून ती न वापरणे वेगळे आणि सोयच नसणे वेगळे.

भिंतीवर गेल्याने काय होते, याचा एक गाजलेला दाखला अमेरिकेत आहे. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या जुन्या रजया चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि अंथरूण-पांघरूण म्हणून पाहिल्या जाणाऱ्या वस्तू एकाएकी अमूर्त कला ठरल्या. दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, पॅट्रिशिया मेनार्डी यांनी एका लेखात खडा सवाल केला, की या भिंतीवर स्त्रियांची नावे कोठे आहेत? त्यांची निवड, त्यांचा विचार, त्यांची परंपरा बाजूला सारून केवळ आकृतीचे कौतुक चालले होते. पुढे २००२ मध्ये अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रजयांचे प्रदर्शन ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीत भरले, तेव्हा करणाऱ्यांची नावे सोबत होती. तरीही संग्रहालयाची भिंत शेवटी पूर्ण झालेल्या कामाची भिंत. तेथे पाहणारा दुसराच कोणी असतो. घरातल्या मांडणीच्या भिंतीचे महत्त्व असे, की तेथे पहिली समीक्षक स्वतः करणारी असते, आणि ती वेळेवर पोहोचलेली असते.

आता हिंजवडीकडे येऊ. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शिवारात माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ उंच इमारती. या इमारतींतील घरांत अंगण नाही, ओसरी नाही. गोधडी अंथरायची तर दिवाणखान्यातील टीपॉय हलवावा लागतो आणि रात्री जेवणाआधी सारा पसारा गोळा करावा लागतो. भिंती आहेत; पण एक दूरचित्रवाणीची, एक कपाटांची, एक खिडकीची, आणि भाड्याचे घर असल्यास खिळा ठोकायलाही मालकाची परवानगी हवी. गंमत अशी, की याच घरातील माणसे दिवसभर ज्या कचेरीत बसतात तेथे अपुऱ्या कामाला अख्खी भिंत दिलेली असते. रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या, 'करायचे', 'चालू', 'झाले' असे रकाने आखलेले. ही रीत मुळात टोयोटाच्या कारखान्यांतील कानबानपासून निघाली, आणि पिंपरी-चाकणच्या मोटारधंद्यालाही ती अनोळखी नाही. अपुरे काम डोळ्यांसमोर राहिले पाहिजे, म्हणजे चूक वेळेत दिसते, हे तत्त्व कचेरीला आणि कारखान्याला मान्य आहे. घरी मात्र त्याच अपुऱ्या कामाचे नाव 'पसारा'.

आमचे म्हणणे येथेच आहे. मांडणीची भिंत उभारणे म्हणजे घरात अपुऱ्या कामाला हक्काची जागा देणे. रात्रभर, आठवडाभर ते काम तसेच दिसत राहील, येणारा-जाणारा पाहील, आणि ते आवरायला कोणी सांगणार नाही. व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२९ साली लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःची खोली मागितली होती. आम्ही अवघी एक भिंत मागत आहोत.

ती उभारणे अवघड नाही. सहा फूट लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या घ्याव्यात. फलालीन अरुंद पन्ह्याची मिळाल्यास दोन पट्टे उभे जोडावेत. रंग पांढरट किंवा करडा, छाप मुळीच नको, आणि लवेची बाजू बाहेर. वरची पट्टी पडद्याच्या दांडीला किंवा माळ्याच्या कडेला दोरीने टांगावी, खालची वजनासाठी. खिळा लागत नाही, मालकाची तक्रार उरत नाही. सुती तुकडे सहज चिकटतात. जरीचे काठ, रेशीम आणि सध्या घरोघरी साठलेल्या कृत्रिम धाग्याच्या साड्या घसरतात, त्यांना टाचणी लावावी. पंखा बेताने फिरवावा. मग मागे सरून डोळे किलकिले करून पाहावे, किंवा मोबाइलवर रंगविरहित छायाचित्र काढावे. कोणता तुकडा फार उजळ आहे आणि कोठे अंधार साचला आहे, हे लगेच कळते. मांडणी पटली की पुन्हा एक छायाचित्र घेऊन ओळीओळीने तुकडे उतरवावेत आणि खाली अंथरलेल्या थरांवर लावावेत. शिवण मात्र जमिनीवरच, मांडी घालून. त्या बैठकीला पर्याय नाही, आणि तो शोधूही नये.

अवचितपणाचे काय? तो मरत नाही, असे आम्हांस वाटते. त्याची जागा बदलते. चार दिवस भिंतीवर डोळ्यांसमोर असलेला तुकडा पाचव्या दिवशी अचानक परका वाटू लागतो आणि बदलला जातो. लेखनाचा कच्चा खर्डा बाजूला ठेवून पुन्हा वाचणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. लेखकाच्या खर्ड्यांना आपण जपतो, त्यांवर प्रबंध लिहितो. गोधडीचा खर्डा मात्र कोणी पाहिला नाही, कारण त्याला टिकायला जागाच नव्हती. गोधडीला कला म्हणायचे की नाही, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. करणाऱ्या बाईला आपले काम पुरे होण्याआधी दुरून पाहता आले, एवढे झाले तरी त्या वादात तिचा स्वतःचा आवाज असेल.