विश्लेषण : ‘आयव्हीएफ’ने मूल होण्याची शक्यता किती? विंझरसारख्या गावातून उपचार घेताना काय तपासावे?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली की ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न सुरू होतो आणि तो बहुतेक वेळा सुनेलाच विचारला जातो. राजगड-तोरण्याच्या परिसरातील विंझर, मार्गासनी ही गावेही त्याला अपवाद नाहीत. उपायाच्या शोधात जोडपे पुण्यात पोहोचले की ‘आयव्हीएफ’ केंद्रांचे फलक दिसतात. हे उपचार नेमके काय करतात, यश किती जणांना मिळते आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारायला हवे, याविषयी…

वंध्यत्व कधी म्हणायचे?

गर्भनिरोधक न वापरता १२ महिने नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ते वंध्यत्व ठरते. संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी तरी ही अडचण येते. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांनंतरच डॉक्टरांना भेटावे, असा सल्ला दिला जातो.

दोष फक्त स्त्रीमध्ये असतो का?

नाही. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. तरीही तपासण्या, उपास आणि नवस बाईच्याच वाट्याला येतात. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी आहे, त्यामुळे ती सुरुवातीलाच व्हायला हवी. स्त्रियांमध्ये गर्भनलिका बंद असणे, बीजांड वेळेवर तयार न होणे ही प्रमुख कारणे आहेत. भारतात जननेंद्रियांच्या क्षयरोगामुळेही नलिका बंद होतात. म्हणून पूर्वी क्षयरोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आयव्हीएफमध्ये काय केले जाते?

एरवी बीजांड आणि शुक्राणू यांचे मीलन गर्भनलिकेत होते. आयव्हीएफमध्ये ते प्रयोगशाळेत घडवले जाते. पाळी सुरू झाल्यावर साधारण १० ते १२ दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देतात, त्यामुळे एकाऐवजी अनेक बीजांडे वाढतात. मधूनमधून सोनोग्राफी होते. शेवटचे इंजेक्शन दिल्यानंतर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन सुईद्वारे बीजांडे काढतात. ती शुक्राणूंसोबत ठेवली जातात. शुक्राणू फारच कमी असतील, तर ‘इक्सी’ पद्धतीने एकेक शुक्राणू थेट बीजांडात सोडतात. तयार झालेला भ्रूण तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भाशयात ठेवला जातो. उरलेले भ्रूण उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवता येतात. गर्भ राहिला की नाही, हे सुमारे दोन आठवड्यांनी रक्ततपासणीत कळते.

या तंत्राची सुरुवात कधी झाली?

जगातील पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली. मात्र त्यांच्या दाव्यावर तेव्हा विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूला यश आले. पुढे याच आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांची कागदपत्रे तपासून पहिलेपणाचा मान त्यांचाच असल्याचे जाहीर केले.

यशाची खात्री देता येते का?

नाही, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. यश प्रामुख्याने स्त्रीच्या वयावर अवलंबून असते. ब्रिटनमधील आकडेवारी पाहिली, तर पस्तिशीच्या आतील स्त्रियांमध्ये गर्भाशयात सोडलेल्या साधारण तीनपैकी एका भ्रूणापासून बाळ जन्मते. ४३-४४ व्या वर्षी हे प्रमाण विसात एकाच्या आसपास येते. ‘तीनात एक’ म्हणजे तिसऱ्या वेळी मूल होणारच, असे नाही. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच धरली, तर तीन प्रयत्नांनंतर १०० पैकी साधारण ७० जोडप्यांना यश मिळेल आणि ३० जोडपी रिकाम्या हाताने परततील. जमीन विकण्याचा किंवा कर्ज काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी हे गणित घरातल्या सर्वांना माहीत हवे.

गावातून उपचार घेताना अडचणी कोणत्या?

खासगी केंद्रात एका चक्राचा खर्च साधारण एक ते अडीच लाख रुपये होतो आणि बहुतेक आरोग्य विम्यांत तो धरला जात नाही. शिवाय पाबे घाटातून जा किंवा नसरापूरमार्गे, पुण्याच्या फेऱ्या ठरलेल्या. भातलावणीच्या दिवसांत त्या आणखी अवघड. काही इंजेक्शने घराजवळच्या दवाखान्यात घेता येतील का, हे आधीच विचारावे. औषधांमुळे क्वचित अंडाशय प्रमाणाबाहेर सुजतात. पोट फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसली, तर सकाळच्या एसटीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. गोव्यात सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केले. अशी सोय तालुक्यांच्या आवाक्यात आली, तरच हा उपचार शेतकरी कुटुंबांना परवडेल.

कायदा काय सांगतो?

साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ वर्षे असावे लागते. केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. ‘लेव्हल १’ केंद्राला आयव्हीएफ करता येत नाही, त्यासाठी ‘लेव्हल २’ची नोंदणी लागते. यशाची शक्यता, खर्च आणि धोके समजावून सांगणे, लेखी संमती घेणे आणि तक्रार निवारण कक्ष ठेवणे ही केंद्राची जबाबदारी आहे. ‘मुलगाच होईल’ असे आमिष कुणी दाखवले, तर तो गुन्हा आहे. त्यासाठी ५ ते १० वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

नोंदणी क्रमांक काय? पतीची तपासणी झाली का? गोळ्या किंवा ‘आययूआय’सारखा साधा उपाय आधी शक्य आहे का? आमच्या वयाच्या किती जोडप्यांना गर्भ नव्हे, तर बाळ झाले? औषधे, भूल आणि भ्रूण गोठवणे धरून एकूण खर्च किती? पहिला प्रयत्न फसला, तर पुढे काय? ही उत्तरे लेखी मिळत नसतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. मात्र त्यात वर्षे घालवू नयेत, कारण या उपचारांत वय हाच सर्वांत मोठा घटक आहे.